खलाशी कोणाचा?

माझे बाबा एकतीस वर्षं बोटीवर होते. आमच्याकडे दाभोळ-गुहागरच्या पट्ट्यात असंच म्हणतात, "बोटीवर आहे". कंपनी कुठली, झेंडा कुठला, माल काय हे पुढचं कोणी विचारत नाही, बोटीवर म्हटलं की समजायचं हा माणूस आता नऊ-दहा महिने दिसणार नाही. त्यांची सीडीसी, म्हणजे खलाशाचं ते ओळखपुस्तक, आईने कपाटात पोथ्यांच्या शेजारी ठेवलेलं असायचं आणि ते घरात असलं म्हणजे बाबा घरात आहेत, नसलं म्हणजे नाहीत, एवढं साधं गणित होतं. मी लहानपणी ते उघडून बघायचे. पहिल्या पानावर तरुण बाबांचा घाबरल्यासारखा फोटो, आणि खाली एक रकाना, ओळखीची खूण: डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग. तो डाग पेजेचं टोप अंगावर उलटलं तेव्हाचा, बाबा चार वर्षांचे होते. आजीच्या चुलीशी झालेली गोष्ट एका सरकारी पुस्तकात छापून जगभर फिरत होती याचं मला फार नवल वाटायचं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे मागच्या उन्हाळ्यात ताईकडे बाल्टिमोरला गेले होते, तिथल्या एका छोट्या म्युझियममध्ये काचेखाली एक पिवळा पडलेला कागद बघितला. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन खलाशाचा दाखला. नाव, वय, जन्मगाव, उंची, केसांचा रंग, आणि शेवटी उजव्या दंडावर नांगर गोंदलेला असल्याची नोंद. हा मनुष्य अमेरिकेचा नागरिक आहे, असं खाली सही-शिक्क्यासकट. भाचा पुढच्या दालनात पळाला, मी तिथेच उभी राहिले, कारण ती सीडीसीच होती. फरक एवढाच की बाबांच्या पुस्तकाला बंदरात लोक मानायचे, आणि या कागदाला ब्रिटिश नौदलाचा अधिकारी सरळ खोटा म्हणून बाजूला सारायचा.

१८१२ साली अमेरिकेने ब्रिटनशी युद्ध पुकारलं त्याच्या मुळाशी हा कागद आहे. एकमेव कारण नाही, पण मला विचाराल तर सगळ्यात माणसाचं असं कारण हेच.

झालं असं होतं की ब्रिटन तेव्हा नेपोलियनशी लढत होतं आणि त्यांच्या नौदलाला लाखाच्या वर माणसं लागायची, तीही अशा जहाजांवर जिथे पगार कमी, फटके नेहमीचे आणि सुट्टी जवळपास नाहीच. साहजिकच लोक पळायचे आणि अमेरिकन व्यापारी जहाजावर चढायचे, कारण तिथे पैसे कितीतरी जास्त मिळायचे. मग ब्रिटिश युद्धनौका भर समुद्रात अमेरिकन जहाज थांबवायची, अधिकारी वर यायचा, सगळ्या खलाशांना डेकवर रांगेत उभं करायचा आणि हा आमचा, तो आमचा असं म्हणून धडधाकट माणसं उचलून न्यायचा. इंग्लंडच्या राजाच्या राज्यात जन्मलेला माणूस मरेपर्यंत राजाची प्रजा, दुसऱ्या देशाचा नागरिक होणं वगैरे आम्ही मानत नाही, अशी त्यांची भूमिका. अमेरिका म्हणायची की इथे येऊन राहिला, शपथ घेतली, तो आमचा. आणि या ओढाताणीत इंग्लंड जन्मात न पाहिलेले अमेरिकन पोरगेसुद्धा जायचे, भाषा एकच, चेहरे एकच, ओळखणार कसं? युद्धाआधीच्या काही वर्षांत असे सहा हजारांच्या वर लोक नेले असं अमेरिकन सरकारचं म्हणणं होतं.

१८०७ च्या जूनमध्ये तर हद्द झाली. व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ 'लेपर्ड' नावाच्या ब्रिटिश नौकेने 'चेसापीक' या अमेरिकन युद्धनौकेवर, म्हणजे व्यापारी जहाजावर नाही, दुसऱ्या देशाच्या नौदलावर, तोफा डागल्या. तिघं जागीच गेले, अठराजण जखमी झाले. मग चार खलाशी उतरवून नेले. त्यातल्या एकाला, जो खरंच इंग्लंडचा होता, हॅलिफॅक्सला फाशी दिली. उरलेल्या तीन अमेरिकनांपैकी एक तिकडेच दवाखान्यात मेला. बाकी दोघांना परत केलं ते १८१२ च्या जुलैमध्ये, म्हणजे पाच वर्षांनी, आणि तोवर युद्ध सुरू होऊन तीन आठवडे झाले होते.

हे दोघं परत आले तेव्हा त्यांना काय वाटलं असेल? ज्यांच्यासाठी म्हणून देश पेटला त्यांना विचारायला कोणाला सवड होती असं वाटत नाही.

मधल्या काळात अमेरिकेने लढाई टाळायचा प्रयत्नही केला, पण तो असा की आपलीच बंदरं बंद केली. आमचा माल मिळाला नाही की ब्रिटन वठणीवर येईल या हिशोबाने तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांनी परदेशी व्यापारावर बंदी घातली आणि नुकसान झालं ते बोस्टन-न्यूयॉर्कच्या धक्क्यांवरच्या माणसांचं. जहाजं नुसती बांधून ठेवलेली. ब्रिटनचे हुकूम चालूच, फ्रान्सशी व्यापार करायचा तर आधी आमच्या बंदरात या, नाहीतर जहाज जप्त.

दुसरं कारण जमीन. याच्याबद्दल कमी बोललं जातं आणि माझ्या मते ते जास्त बोलायला हवं. पश्चिमेकडे सरकणाऱ्या अमेरिकन वसाहतींपुढे तेकम्से नावाचा शॉनी जमातीचा पुढारी उभा होता. वेगवेगळ्या जमाती जमीन तुकड्या-तुकड्याने विकताहेत, हे थांबवा, जमीन सगळ्यांची आहे, कोणा एकाला विकायचा हक्कच नाही, असं तो गावोगाव फिरून सांगत होता. १८११ च्या नोव्हेंबरमध्ये तो दक्षिणेला माणसं जोडायला गेलेला असताना अमेरिकन फौजेने टिपिकनू नदीकाठी त्याच्या लोकांशी लढाई केली आणि त्यांची वस्ती जाळली. या सगळ्यांना बंदुका ब्रिटिश पुरवतात म्हणून कॅनडातून ब्रिटिशांना हाकला, अशी ओरड अमेरिकेच्या संसदेतले हेन्री क्लेसारखे तरुण सभासद करत होते. म्हणजे समुद्रावरच्या अपमानाचा सूड जमिनीवर, आणि जमीन तर हवीच होती.

१८ जून १८१२ ला युद्ध जाहीर झालं. मतं पडली ७९ विरुद्ध ४९, आणि वरच्या सभागृहात १९ विरुद्ध १३, एवढ्या कमी फरकाने. आणि ज्यांचे खलाशी पळवले जात होते ते न्यू इंग्लंडचे व्यापारीच युद्धाच्या विरोधात! खलाशी गेला तर दुसरा मिळतो, समुद्र बंद झाला तर धंदा बसतो. हे वाचताना मला बाबांची एक गोष्ट आठवली. एकदा एका परक्या बंदरात त्यांच्या बोटीचा मालक बुडीत निघाला, एजंटने सगळ्यांची पुस्तकं स्वतःच्या ताब्यात ठेवली आणि चार महिने हे लोक ना बोटीवर ना घरी. पगार नाही, किनाऱ्यावर उतरायला कागद नाही. त्या चार महिन्यांत बोटीवरच्या मालासाठी तीन वकील येऊन गेले. माणसांसाठी कोणी आलं नाही. बाबा हे कधी रागाने सांगत नाहीत, हवामान सांगावं तसं सांगतात, आणि म्हणूनच मला ते फार लागतं.

बरं, गंमत म्हणवत नाही पण पुढचं ऐका. ज्या व्यापारी हुकमांवरून भांडण होतं ते ब्रिटनने २३ जूनला मागे घेतले. पाच दिवसांनी! पण बातमी जहाजाने जायची, अटलांटिक ओलांडायला आठवडेच्या आठवडे, तोवर फौजा निघालेल्या. बातमी पोचल्यावरही थांबता आलं असतं, पण खलाशी उचलायचा हक्क सोडायला ब्रिटन तयार नव्हतं. परत गाडी तिथेच.

लढाया सगळ्या सांगत बसत नाही. कॅनडा घेणं म्हणजे नुसतं चालत जाण्याचा प्रश्न आहे असं जेफर्सनने लिहिलं होतं, आणि दोन महिन्यांच्या आत डेट्रॉईटचा किल्ला अमेरिकेनेच गमावला, तोही लढाई न करता. मग यॉर्क, म्हणजे आजचं टोरांटो, तिथल्या सरकारी इमारती अमेरिकनांनी जाळल्या, नायगाराजवळचं न्यूआर्क गाव ऐन डिसेंबरच्या थंडीत जाळून बायका-मुलांना बर्फात काढलं, त्याचा बदला म्हणून ब्रिटिशांनी पलीकडची गावं जाळली आणि २४ ऑगस्ट १८१४ ला थेट वॉशिंग्टनमध्ये घुसून राष्ट्राध्यक्षांचं घर आणि संसद पेटवली. तेकम्से त्याआधीच, ऑक्टोबर १८१३ मध्ये, टेम्स नदीच्या लढाईत पडला होता, त्याच्या शेजारचे ब्रिटिश सैनिक पळून गेल्यावर.

वॉशिंग्टननंतर पाळी बाल्टिमोरची. ताईच्या घरापासून फोर्ट मॅकहेन्री गाडीने वीस मिनिटं. चांदणीच्या आकाराचा विटांचा छोटासा किल्ला, आपल्या जंजिऱ्यापुढे किंवा सुवर्णदुर्गापुढे तर अगदीच सपाट वाटतो. इथे १३ सप्टेंबर १८१४ च्या सकाळपासून पंचवीस तास ब्रिटिश नौकांनी तोफगोळे टाकले आणि सकाळी झेंडा अजून वर आहे हे बघून फ्रान्सिस स्कॉट की नावाच्या वकिलाने कविता लिहिली, तीच पुढे अमेरिकेचं राष्ट्रगीत झाली. आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरतो की ही कविता मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेल्या 'मिंडेन' जहाजावर लिहिली गेली. मीही तो चारजणांना पाठवला होता. मिंडेन १८१० मध्ये मुंबईत बांधली हे खरं, वाडियांची कारागिरी होतीच तशी, पण की त्या रात्री होता तहाच्या बोलण्यासाठी आलेल्या अमेरिकन बोटीवर. त्या चौघांना मी परत मेसेज करून हे सांगितलं.

तो मूळ झेंडा आता वॉशिंग्टनच्या म्युझियममध्ये आहे. अंधाऱ्या खोलीत, काचेपलीकडे, थोडा तिरका ठेवलेला, डोळे सरावायला वेळ लागतो. तीस फूट रुंद आणि बेचाळीस फूट लांब होता, आता लांबीला आठेक फूट कमी भरतो कारण लोकांनी आठवण म्हणून तुकडे कापून नेले. मेरी पिकर्सगिल या बाईंनी तो शिवून दिला आणि त्यांच्याकडे कामाला असलेली ग्रेस विशर ही तेरा-चौदा वर्षांची काळी मुलगीही त्या कामात होती. मी शिवणकाम करणारी बाई आहे, त्यामुळे मला बघताना पहिलं हेच आलं मनात की एवढ्या लोकरीच्या पट्ट्या जोडायला जमिनीवर बसून किती दिवस मान खाली घातली असेल. गाण्यात तिचं नाव येणं शक्यच नव्हतं. की स्वतः गुलाम बाळगणारा माणूस.

आणि त्याच महिन्यांत, बाल्टिमोर जिच्यावर आहे त्या चेसापीक खाडीच्या काठाकाठाने, शेकडो गुलाम रात्री होड्या वल्हवत ब्रिटिश जहाजांकडे पळत होते. ब्रिटिशांनी जाहीरच केलं होतं की येईल त्याला स्वातंत्र्य. युद्धभरात चार हजारांच्या आसपास माणसं अशी सुटली, काहींनी ब्रिटिशांचा लाल कोट घालून आपल्या जुन्या मालकांवर बंदुका चालवल्या. नंतर त्यांना नोव्हा स्कोशिया आणि त्रिनिदादमध्ये वसवलं, त्रिनिदादमध्ये त्यांच्या वंशजांना आजही मेरिकिन म्हणतात. उलट फोर्ट मॅकहेन्रीत अमेरिकेच्या बाजूने लढताना विल्यम विल्यम्स नाव घेतलेला एक माणूस गोळा लागून मेला, तोही पळालेला गुलामच होता. एकाच खाडीत दोघं दोन बाजूंना. कोणत्या झेंड्याखाली आपण माणूस ठरू, एवढाच दोघांचाही प्रश्न होता.

तह झाला २४ डिसेंबर १८१४ ला बेल्जियममधल्या घेंट शहरात. तिथे एक आपल्या ओळखीचं नाव येतं. ब्रिटिश सरकारने नोव्हेंबरमध्ये वेलिंग्टनला अमेरिकेत सेनापती म्हणून जायला सांगून बघितलं होतं. हा तोच आर्थर वेलस्ली, ज्याने १८०३ मध्ये आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांचा पराभव केला. त्याने कळवलं की जाईन, पण अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या मोठ्या तळ्यांवर आरमाराचा ताबा नसताना सेनापती जाऊन काही होणार नाही, आणि लढाईची स्थिती बघता अमेरिकेकडे जमीन मागायचा तुम्हाला हक्क नाही. असईच्या मैदानावर हजारो माणसं पडलेली पाहिलेला माणूस होता तो, त्याचं म्हणणं सरकारने ऐकलं. जमिनीची मागणी सुटली आणि तह पटकन झाला.

तहात काय आहे? युद्धाआधी ज्याची जी हद्द होती तीच पुढे. आणि खलाशी? मी मजकूर दोनदा वाचला. खलाशांना उचलून नेण्याबद्दल एक शब्द नाही. नेपोलियन हरलेला, ब्रिटिश नौदल उलट माणसं कमी करत होतं, त्यामुळे प्रश्न आपोआप निवला, पण कागदावर उत्तर आलंच नाही. ज्या गोष्टीसाठी अडीच वर्षं रक्त सांडलं तिचा उल्लेखसुद्धा टाळून दोन्ही बाजूंनी सह्या केल्या. मूळ जमातींसाठी मात्र एक कलम आहे, १८११ मध्ये त्यांच्याकडे जे होतं ते परत देऊ म्हणून. ते पाळलं गेलं नाही. अँड्र्यू जॅक्सनने त्याच वर्षी क्रीक जमातीकडून दोन कोटी एकरांहून जास्त जमीन लिहून घेतली होती, त्यात जे क्रीक त्याच्या बाजूने लढले त्यांचीही गेली, आणि तिथे पुढे कापूस पिकला, गुलामांच्या हातांनी. हाच जॅक्सन, न्यू ऑर्लिन्सची लढाई जिंकलेला. ती लढाई ८ जानेवारी १८१५ ची, तहावर सह्या होऊन पंधरा दिवस झाल्यावरची, दोन हजारांवर ब्रिटिश मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. त्या विजयाच्या पुण्याईवर तो राष्ट्राध्यक्ष झाला आणि १८३० मध्ये उरलेल्या जमातींना मिसिसिपीपलीकडे घालवायचा कायदा त्याने आणला.

अमेरिका म्हणते आम्ही जिंकलो, कॅनडा म्हणतो आम्ही जिंकलो, दोघंही आपापल्या जागी खरे आहेत. अमेरिकेत कारखाने वाढले, राष्ट्रीय बँक परत आली, आपण एक देश आहोत ही भावना घट्ट झाली. कॅनडात आपण अमेरिका नाही ही भावना तयार झाली. ब्रिटनला तर वॉटर्लूनंतर हे युद्ध आठवेनासंच झालं, आणि तीनच वर्षांत त्याच साम्राज्याचा झेंडा शनिवारवाड्यावर लागला.

पण माझ्या डोक्यातून जात नाही ती शेवटची चकमक. तारीख ३० जून १८१५, जागा जावा आणि सुमात्रामधली सुंदाची सामुद्रधुनी. 'पीकॉक' ही अमेरिकन युद्धनौका अंजेरजवळ आली आणि समोर ईस्ट इंडिया कंपनीची छोटी 'नॉटिलस', बॉम्बे मरीनची. बॉम्बे मरीन म्हणजे मुंबईत ठाणं असलेलं कंपनीचं आरमार, त्यावर कोकणापासून काठेवाडापर्यंतचे खलाशी असायचे. नॉटिलसचा कप्तान बॉइस याने कळवलं की तह झालाय. पीकॉकचा कप्तान वॉरिंग्टन म्हणाला, मग झेंडा उतरव. बॉइस म्हणाला, नाही उतरवणार. तोफा सुटल्या. बॉइसचा पाय गेला, नॉटिलसवर सहा माणसं मेली, त्यात आपले लास्कर, म्हणजे हिंदी खलाशी, होते. तह मंजूर होऊन १३३ दिवस झाले होते, आणि लांबच्या समुद्रांसाठी तहातच १२० दिवसांची मुदत होती. दुसऱ्या दिवशी खात्री पटल्यावर वॉरिंग्टनने जहाज सोडून दिलं.

खलाशी कोणाचा, यावरून सुरू झालेलं युद्ध, आणि त्याच्या शेवटच्या मेलेल्यांत हे लास्कर. मी वाचलेल्या वर्णनांत कप्तानांची नावं आहेत, तोफांची संख्या आहे, कोणती तोफ किती पौंडी तेही आहे. लास्करांचा नुसता आकडा.

परत आल्यावर पडवीत बसून हे सगळं बाबांना सांगितलं. ते आता चौऱ्याहत्तरचे, ऐकायला कमी येतं, त्यामुळे मोठ्याने आणि दोनदा. अमेरिका, तह, वेलिंग्टन हे त्यांनी मान हलवत ऐकलं. सुंदा म्हटल्यावर मात्र खुर्चीत पुढे सरकले.

"अंजेरसमोर? तिथे पाण्याला ओढ भारी असते गं. रात्री दोन्हीकडचे दिवे दिसायचे आम्हाला."

मग बराच वेळ ते मनगटावरचा डाग अंगठ्याने चोळत राहिले, ही त्यांची जुनी सवय.

"जून संपताना म्हणालीस ना?"

"हो, तीस जून."

"म्हणजे पूर्वेचा वारा," बाबा म्हणाले. "घराकडे यायला चांगला."